बाईंचं धोरण

शाळा तपासायला आलेल्या माणसाला बाई शाळा दाखवत नसत, शेवटच्या बाकावर बसवत. साहेब असो, सरपंच असो, गांधीनगरहून आलेला कुणी बडा अधिकारी असो, बाईंच्या वर्गात शिरला की त्याच्या हातात वही आणि शिसपेन्सिल येई आणि मुलांबरोबर त्याला शुद्धलेखन लिहावं लागे. "तपासायला आलात ना? मग बसा. आधी तुमचंच तपासू," असं बाई म्हणत, आणि म्हणताना हसत नसत. मराठी येत नसेल त्याला त्या गुजरातीतून शब्द घालत. सूट कुणालाच नव्हती. लिहून झालं की वह्या शेजाऱ्याने तपासायच्या, म्हणजे साहेबांची वही एखाद्या सहावीतल्या पोरीच्या हातात जाई. तालुक्याचे दोन निरीक्षक असे एकदा लिहून गेले ते पुन्हा त्या शाळेकडे फिरकले नाहीत. बाई हे मोठ्या अभिमानाने सांगत.

सुरतेजवळचं चलथाण ओलांडून हायवे सोडला की उसाच्या शेतांमधून एक रस्ता आत जातो, तिथल्या एका गावात त्यांची शाळा होती. साखर कारखान्यात नि आजूबाजूच्या मिलमध्ये कामाला आलेली खानदेशी कुटुंबं त्या गावात दोन-तीन पिढ्या राहतात, त्यांच्यासाठी कधीकाळी सरकारने ही मराठी शाळा काढली होती. बाईंचे वडील जळगावकडून सुरतेला मिलमध्ये आले. बौद्धवाड्यातलं पत्र्याचं घर सोडून खोलीत आलो तेव्हा वडिलांनी पहिली वस्तू काय आणली असेल तर भिंतीवर लावायचा फळा, असं त्या सांगत. शिकल्या मराठीतून, पुढे मास्तरकीचं शिक्षण गुजरातीतून झालं, आणि घरात आईशी अहिराणी. त्यामुळे तिन्ही भाषांत त्या सारख्याच फटकळ होत्या.

आता मी यात कसा आलो ते सांगतो. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. निवृत्त माणसाला करायला काही नसलं की तो समितीत जातो, तसा मी गेलो. पुण्याची एक संस्था महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांसाठी काहीबाही करत असते. तिने एका वर्षी ठरवलं, की आमच्या भागातल्या खेड्यांतल्या सहा सरकारी मराठी शाळांची तुलना करायची आणि पहिली येईल तिला तीन वर्षांसाठी एक जादा शिक्षक द्यायचा. शिवाय तिथले सहावी ते आठवीचे वर्ग चालू ठेवा, असं जिल्ह्याला संस्थेकडून पत्र. तुलना करायला पुण्याहून एक निवृत्त प्राध्यापक आले, त्यांना सगळे 'सर' म्हणत. त्यांच्याबरोबर केतकी नावाची मुलगी होती, तिच्या हातात टॅब. आणि तिसरा मी, स्थानिक सदस्य. स्थानिक सदस्याचं काम एकच, इथलं काही पाहुण्यांना कळलं नाही तर समजावून सांगायचं. ते मी कसं केलं हे पुढे येईलच.

शाळांची तुलना हा प्रकार मी जवळून पाहिला तो तेव्हा, आणि तेव्हापासून मला त्याची शिसारी आहे. पहिल्या शाळेत व्हरांड्यात ओळीने झेंडूच्या कुंड्या. दुसऱ्या शाळेतही झेंडूच्या कुंड्या, त्यातल्या एकीचा काठ फुटलेला. तिसऱ्या शाळेत काठ फुटलेली तीच कुंडी प्रवेशद्वाराशी आमचं स्वागत करत होती. कुंड्यांचा टेम्पो आमच्या गाडीच्या पुढे एक शाळा राहून धावत होता. सरांच्या हे लक्षात आलं नाही, ते प्रत्येक ठिकाणी "वा, निसर्गाची ओढ" म्हणत आणि केतकी टॅबवर गुण टाकी. मुख्याध्यापक मंडळी हात जोडून मागे मागे. एकाने तर स्मार्ट बोर्डावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. धूळ बसू नये म्हणून, असं त्याने सांगितलं, आणि सरांनी त्याची काळजीबद्दल स्तुती केली.

बाईंच्या शाळेत कुंड्या नव्हत्या. सरांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "कुंड्या उद्या तुमच्या पुढच्या शाळेत बघा ना. आज इथे उतरवायला टेम्पोवाला आला होता, मी परत पाठवला." सर माझ्याकडे बघायला लागले. मी सरळ छताकडे बघितलं.

बाईंची स्वतःची तुलना करायची रीत वेगळी होती. तालुक्यातल्या सगळ्या शाळा त्यांनी पायी, बसने, कुणाच्या स्कूटरवर मागे बसून पाहिलेल्या होत्या आणि प्रत्येक शाळेत त्या एकच गोष्ट बघत. मुलींच्या मुतारीच्या दाराला आतून कडी लागते का. त्यामागे एक हकिगत होती. फार वर्षांपूर्वी सातवीतली एक पोरगी महिन्यातून चार-पाच दिवस शाळेत येईनाशी झाली. बाई तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि पोरीला शाळेत का धाडत नाही, असं अहिराणीतूनच विचारलं. "पोरले शायामा काबर धाडत नही व माय?" पुन्हा विचारलं तेव्हा आई हळूच म्हणाली, "बाई, तठे दाराले कडीच नही." बाईंनी त्याच संध्याकाळी चलथाणच्या बाजारातून कडी आणली आणि सुताराला उभं करून बसवून घेतली. तेव्हापासून कडी असलेली शाळा ती शाळा, बाकी सगळ्या इमारती. आमच्या तक्त्यात 'स्वच्छतागृह : आहे / नाही' असा रकाना होता. बाईंनी तो वाचला, तक्ता केतकीच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "असून काय करायचं, बेन? कडीला खाना आहे का यात?" नव्हता. केतकी बिचारी लाल झाली.

मी नंतर मुद्दाम बाकीच्या शाळांमध्ये बघून आलो. दोन ठिकाणी कडी तुटलेली, एका ठिकाणी दारच नव्हतं. आणि शेवटी जी शाळा पहिली आली तिथल्या दाराला बाहेरून कुलूप होतं, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. पाहुणे आले की उघडत, म्हणजे घाण होत नाही.

तर त्या दिवशी सर शेवटच्या बाकावर बसले. बाईंनी शुद्धलेखन घातलं. वाक्य साधंच होतं : ऊसतोड संपली आणि उसाचा ट्रॅक्टर कारखान्याकडे गेला. सर हसतच लिहीत होते. त्यांनी मराठीच्या शुद्धलेखनावर व्याख्यानं दिलेली होती, वाटेत गाडीत आम्हालाही दिलं होतं. वह्या फिरल्या. सरांची वही आरतीकडे गेली. आरती सहावीत होती, बारीक, दोन वेण्या, बापाची मिलमधली पाळी सुटायच्या आत घरी दूध घेऊन जाणारी. तिने वाचलं, लाल पेन्सिलीने एक गोल काढला आणि उभी राहून म्हणाली, "सर, ऊसतोडला दुसरा ऊ बरोबर आहे. पण उसाचाला पहिला उ येतो. तुम्ही इथे पण दुसरा काढला."

वर्ग हसला नाही. त्यांच्यात अशा वेळी हसायची पद्धतच नव्हती. चूक निघाली की पाच वेळा लिहायचं, एवढंच. बाई म्हणाल्या, "सर, पाच वेळा लिहा." सरांनी लिहिलं नाही. त्यांनी वही मिटली, उठले आणि आमच्या तक्त्याची प्रत हातात घेऊन फळ्यापाशी गेले. कुणाच्या वहीत चूक काढलेली पुण्याच्या माणसाला एकवेळ चालेल, पण आपल्या वहीत काढलेली चालत नाही, हे मला त्यांच्या मानेवरूनच कळलं.

तो तक्ता शाळांनी आधीच भरून ठेवायचा होता आणि त्यात एक रकाना होता, 'शाळेचे धोरण'. त्याला दहा गुण होते. पुढे छोटीशी मोकळी जागा. संस्थेला तिथे शाळेची उद्दिष्टं वगैरे हवी होती. आता सुरतेत जन्म काढलेल्या कुणालाही सांगायला नको, की गुजरातीत धोरण म्हणजे इयत्ता. मुलाच्या दाखल्यापासून बसच्या पासापर्यंत प्रत्येक कागदावर 'धोरण' छापलेलं असतं, पुढे एक छोटी जागा असते आणि तिथे आकडा लिहायचा असतो. आमच्या घरातही नातू 'चौथ्या धोरणात' आहे, चौथीत नाही. बाईंनी आयुष्यभर असे हजारो कागद भरले होते. त्यांनी त्या जागेत नीट अक्षरात लिहिलं होतं : १ ते ८.

सरांनी ते मोठ्याने वाचलं. "शाळेचे धोरण, एक ते आठ! अहो बाई, धोरण म्हणजे काय माहितीये का? आठ-आठ धोरणं? सरकारला एक झेपत नाही!" केतकी हसली. सर वर्गाकडे वळले आणि आरतीलाच विचारलं, "तू सांग ग, तू कितवीत?"

"सहावं धोरण," आरती म्हणाली.

"इयत्ता म्हणावं, इयत्ता! मराठी शाळेत शिकता ना?" सर पोट धरून हसले. मीही हसलो. नुसतं ओठ हलवले असं नाही, मान मागे टाकून, आवाज करून हसलो. त्या दोन दिवसांत मी पाहुण्यांसमोर 'चोपडी'ला पुस्तक आणि 'बारी'ला खिडकी म्हणत होतो. पन्नास वर्षं सुरतेत काढलेला माणूस दोन दिवस पुण्याचा व्हायला बघत होता, आणि त्यासाठी एका खेड्यातल्या शाळेवर हसणं हा मला सोपा रस्ता वाटला. माझ्यासारखी माणसं किती स्वस्तात विकली जातात, याचा मला तेव्हा अंदाज नव्हता.

बाई सरांवर चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "इयत्ता म्हणायला पोरं शिकतील. तुम्ही उसातला उ शिकून जा." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोवर हसायचा थांबलो होतो.

परतीच्या गाडीत सरांनी त्यांचं नाव 'धोरणबाई' ठेवलं आणि त्या रकान्यात शून्य टाकलं. सांगायची वेळ तीच होती. एका वाक्याचं काम होतं : सर, इथे धोरण म्हणजे इयत्ता, रकाना आपलाच चुकलाय. त्यासाठीच तर मला गाडीत बसवलेलं होतं. मी बाटलीतलं पाणी प्यायलो आणि सुरतेजवळच्या सचिन गावाकडे किती कारखाने झालेत यावर बोललो.

यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अजून सांगायची आहे. कुंड्यांच्या शाळांपैकी एका शाळेचा मुख्याध्यापक माझ्या ओळखीचा. तक्ता भरताना त्याने मला फोन केला होता. "भाऊ, हे धोरणमध्ये काय लखायचं? एकथी आठ?" मी त्याला समजावलं आणि वाक्यही दिलं : 'विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधणे.' त्याने ते जसंच्या तसं लिहिलं. सरांनी त्याला दहापैकी दहा दिले आणि वर "मुद्देसूद" असा शेरा मारला. ती शाळा पहिली आली. बाईंची दुसरी, सहा गुणांनी मागे. पहिल्या शाळेची पटसंख्या भरपूर होती, तिचे वर्ग बंद पडायची भीतीच नव्हती. बाईंच्या सहावी-सातवी-आठवीत मिळून तीस मुलंही नव्हती, आणि ते वर्ग हायवेपलीकडच्या गुजराती शाळेत मिसळायचे असा कागद आधीच आलेला होता. जादा शिक्षक आणि ते पत्र हवं होतं ते त्यांना.

निकाल लागल्यावर सहभागाचं प्रमाणपत्र द्यायला मीच गेलो. बाईंनी रकान्या-रकान्यातले गुण वाचले. कुंड्यांचे गेलेले त्यांना मान्य होते. बोट धोरणावर थांबलं.

"भाऊ, इथे शून्य का?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुम्ही सुरतचेच ना? घरी नातवाला काय म्हणता?"

"चौथं धोरण."

"मग त्या सरांना तुम्ही सांगितलं नाही?"

"नाही सांगितलं."

का, असं त्यांनी विचारलं नाही. तसं विचारलं असतं तर मी काहीतरी रचून सांगितलं असतं, ते त्यांना ठाऊक असावं. त्यांनी प्रमाणपत्राची गुंडाळी केली, खडूच्या डब्यावर ठेवली आणि पुढचा तास घ्यायला गेल्या. मला कुणी शेवटच्या बाकावर बसायलाही सांगितलं नाही.

जूनमध्ये वर्ग गेले. पहिले पंधरा दिवस बाई रोज सकाळी पोरींना हायवे ओलांडून देत. साडीचा पदर खोचून, हात आडवा करून ट्रकसमोर उभ्या राहत, असं मला गावातल्या माणसाने सांगितलं. पंधरा दिवसांनी त्यांच्या स्वतःच्या शाळेची वेळ बदलली आणि ते थांबलं. आधी मुली गटाने जात, मग तीन-चार राहिल्या. तिकडची शाळा वाईट नव्हती, मास्तरही बरे. फक्त सगळं गुजरातीतून होतं, शुद्धलेखनसुद्धा, आणि मुतारीच्या दाराला कडी नव्हती. बाईंनी तिकडच्या आचार्यांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, जाऊन सांगितलं. त्यांनी अर्ज करायला सांगितलं. बाईंनी अर्ज केला.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि भावाजवळ, सुरतेतल्या कोसाडच्या वसाहतीत राहायला आल्या. पत्ता मिळवून मी गेलो. मला त्या आवडत असत, हे मला लिहायला हवं. त्यांच्यासमोर बसलं की आपण आयुष्यभर किती ढिले जगलो ते दिसत असे आणि तरी उठावंसं वाटत नसे. त्यांनी चहा दिला. नातवाची चौकशी केली. मी म्हटलं, "बाई, मला माफ करा. त्या दिवशी माझं चुकलं."

"माझी कशाला मागता?" त्या म्हणाल्या. "मला पेन्शन आहे, भाऊ. माझं काय गेलं? आरती घरी बसली. तिची मागा." आणि पाठमोऱ्या होऊन कप विसळायला लागल्या. दाराशी मी चपला घालत होतो तेव्हा आतून म्हणाल्या, "आणि तिथे जाऊन भाषण करू नका." त्यानंतर आमची भेट झालेली नाही. दोनदा फोन केला, त्यांनी नीट बोलून ठेवला.

मी गेलो. गाव तेच, कारखान्याची चिमणी तीच. आरतीची आई कामाला गेली होती. आरती खोलीत जमिनीवर बसून साडीच्या काठाला खडे चिकटवत होती. सुरतेच्या बाजारातून गठ्ठे येतात, घरोघरी बायका-पोरी हे करतात. ती उंच झाली होती. वेण्यांच्या जागी एकच वेणी. गोंदाच्या वाटीवर तिने ओलं फडकं ठेवलं आणि मला पाणी आणून दिलं.

माफी कशी मागायची असते ते मला सुचेना. बारा-तेरा वर्षांच्या मुलीसमोर साठी उलटलेला माणूस पेला हातात धरून बसला होता. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "शाळा सुटली तेव्हा कितवीत होतीस तू?"

"सातवं धो..." ती थांबली. खाली बघून म्हणाली, "सातवीत. इयत्ता सातवी."

"धोरण म्हण ना," मी म्हटलं. "काही चूक नाही त्यात. आमच्या घरीही तेच म्हणतात."

तिने एक खडा उचलला, काठावर ठेवून बोटाने दाबून धरला.

"नको काका," ती म्हणाली. "तुम्ही हसला होता."